घाईचं बी, थांबणारं बी

सोयाबीन पेरण्याआधी उगवण तपासायची, शंभरात सत्तर दाणे उगवले तर बियाणं चांगलं, हे हिंगोली जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करायची नाही, हेही. पण हाच जाणता शेतकरी बहाव्याची शेंग फोडतो, पंचवीस-तीस बिया पिशव्यांत लावतो, नेमाने पाणी घालतो आणि दोन महिन्यांनी दोन रोपांकडे बघत बसतो. मग निकाल ठरलेला: बी पोचट निघालं. बहुतेक वेळा बी पोचट नसतं. त्याला आपण सोयाबीनसारखं वागवलेलं असतं.

ज्वारी, तूर, सोयाबीन ही पिकं माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून घडवली. पेरल्यावर जे दाणे लगेच आणि एकदम उगवले त्यांचंच पीक हाती आलं, त्यांचंच बी पुढच्या वर्षासाठी राखलं गेलं. मागे राहणारे दाणे आपोआप गळत गेले. रानातल्या झाडाचं गणित उलटं आहे. त्याच्या सगळ्या बिया पहिल्याच पावसाला उगवल्या आणि नंतर पावसाने महिनाभर ताण दिला, तर सगळी पिढी एका फटक्यात गेली. म्हणून बऱ्याच झाडांच्या बिया काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही त्याहूनही उशिरा उगवतात. बी जिवंत आहे, ओल आहे, ऊब आहे, तरी ते उगवत नाही, या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. बियाची झोपच ती.

काही झाडांच्या बियांना मात्र ही झोप ठाऊकच नाही. मोहाचं बी झाडाखाली पडलं की त्याला तेव्हाच जमीन हवी. ते डब्यात भरून दिवाळीनंतर लावू म्हटलं तर आपण मेलेलं बी लावत असतो. तेव्हा कोणतंही बी हातात आलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे घाईचं बी आहे की थांबणारं? पुढची जवळजवळ सगळी कामं या उत्तरावर ठरतात.

झाड कोणतं निवडायचं

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, आणि पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून मोकळा होतो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात. रोपवाटिकेतलं चकचकीत पानांचं रोप निवडताना हे आठ महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. कोकणातून आणलेल्या सुरंगी-बकुळीच्या मागे लागण्यापेक्षा कोरड्या रानातली, हल्ली क्वचित दिसणारी झाडं निवडली तर निम्मं काम हवामानच करतं.

अशी झाडं थोडी नाहीत. मोह, चारोळी, बिब्बा, टेंभुर्णी. पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळ, ज्याला चांदण्यात पाहून लोक भुताचं झाड म्हणतात. मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांची मेडशिंगी. पानं झडलेल्या फांद्यांवर ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी वाटीएवढी पिवळीधमक फुलं मिरवणारी सोनसावर. खानदेशाकडचं अंजन. बाहेरून येऊन रुळलेल्यांत गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब; आणि कुंडीत लावायचं झुडूप हवं असेल तर फुगीर बुंध्याचं अडेनियम.

औंढा, कळमनुरी, सेनगाव तालुक्यांच्या डोंगराळ भागात यातलं कोणतं झाड कुठे उरलं आहे हे पुस्तकापेक्षा माणसांना विचारावं. आंध समाजातल्या जुन्या माणसांना कोणत्या मोहाची फुलं गोड, कोणती चारोळी दरसाल धरते, हे झाडवार माहीत असतं. राखीव जंगलातून बी आणायचं तर वनखात्याची परवानगी लागते. धुऱ्यावरचं किंवा गायरानातलं झाड असेल तर मालकाला, गावाला विचारून घ्यावं. आणि मोहाखालचं, चारोळीखालचं सगळं झाडून आणू नये. ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं.

एकट्या उभ्या झाडाचं बी शक्यतो टाळा. आसपास त्याच जातीचं दुसरं झाड नसेल तर परागीकरण नीट होत नाही आणि बी पोचट किंवा रोपं किरटी निघण्याची शक्यता वाढते. चार-पाच झाडांखालचं थोडं थोडं बी एकत्र करावं.

गोळा करणं आणि साफ करणं

वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. बिब्बा हिवाळ्यात तयार होतो. बहाव्याच्या शेंगा थंडीत काळ्या पडून उन्हाळाभर झाडावर लोंबतात, त्यामुळे तिथे घाई नाही. चारोळी एप्रिल-मेमध्ये काळी पडते. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गळतात. प्रत्येक शेंगेच्या टोकाला एकच बी असतं, तीच पळसपापडी. मोह, कुसुम, जांभूळ, निंबोळी हे सगळं पावसाच्या तोंडावर, जून-जुलैमध्ये.

या शेवटच्या गटातल्या सगळ्या बिया घाईच्या आहेत, हा योगायोग नाही. फळ पिकतं तेव्हा पाऊस दारात असतो, मग थांबायचं कशाला? उलट बहावा, सोनसावर, गोरखचिंच, बाभूळ यांच्या बिया पाऊस यायच्या कितीतरी आधी तयार होतात. त्यांना उन्हाळा काढायचा असतो, म्हणून त्यांचं कवच टणक. नवीन झाडाबद्दल काहीच माहिती नसेल तर फळ कधी पिकतं एवढं पाहिलं तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. अंदाजच, पळसासारखे अपवाद निघतात. पळसपापडी सुकी दिसते, पण ताजी लावलेलीच चांगली उगवते.

गर असलेलं फळ असेल तर गर पूर्ण काढावा. गर राहिला की बुरशी, मुंग्या आणि उंदीर तिघंही येतात. मोह, निंबोळी, चंदन यांची फळं पाण्यात चोळून धुवावीत. गोरखचिंचेचा पांढरा आंबट गर पाण्यात रात्रभर ठेवला की विरघळतो. चांगल्या फळाचं ते पाणी साखर घालून सरबत म्हणून पितात, तेव्हा फेकायची घाई नको. बहाव्याच्या शेंगेत आडवे पडदे असतात, प्रत्येक कप्प्यात एक बी आणि काळा चिकट मगज. तो मगज रेचक आहे. मुलं चाटत नाहीत ना, तेवढं पाहावं.

दोन ठिकाणी हाताला जपायला हवं. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, काहींचं तोंड-डोळे सुजतात. हातमोजे घालावेत, हाताला आधी खोबरेल चोळावं आणि त्या हाताने डोळा चोळू नये. बिब्बा फोडत बसायचं काम नाही, सबंध लावावा. दुसरं कांडोळ. त्याच्या चांदणीसारख्या लालसर फळावर मऊ मखमल दिसते, पण ती बारीक टोचऱ्या केसांची असते. फळ कापडात धरून काठीने उकलावं आणि बिया पाण्याखाली धुवाव्यात.

साफ झालेलं बी सावलीत सुकवा. घाईचं असेल तर सुकवायचंही नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन-चार दिवसांत मातीत. मोहाचं तेलकट बी कडक उन्हात पसरणं म्हणजे ते तेलाच्या घाण्याला पाठवण्याची तयारी करणं. थांबणारं बी मात्र कोरडं करून कापडी पिशवीत किंवा डब्यात राहतं. डब्यावर झाडाचं नाव, जागा आणि महिना लिहून ठेवा. चार महिन्यांनी सगळ्या तपकिरी बिया सारख्याच दिसतात.

बी तपासणं

बी पाण्यात टाकावं, तरंगेल ते फेकावं, बुडेल ते घ्यावं, हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. चिंच, बहावा यांच्यासाठी तो ठीक. पण मेडशिंगीचं बी कागदासारखं पातळ आणि पंखांचं असतं, ते चांगलं असूनही तरंगणारच. तिथे हा उपाय लावला तर सगळं चांगलं बी उकिरड्यावर जाईल.

खात्रीचा उपाय म्हणजे कापून बघणं. दहा बिया काढाव्यात, विळीवर उभ्या चिराव्यात. आतला मगज भरलेला, घट्ट, पांढरा किंवा पिवळसर असेल तर बी जिवंत असण्याची शक्यता चांगली. करडा, आक्रसलेला, खवट वासाचा असेल तर गेलं. बहावा, शिरीष, बाभूळ यांच्या बियांवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर आत भुंगेरा होता आणि जेवून गेला. असं बी निवडून काढावं आणि उरलेलं लवकर वापरावं.

कवचाला वाट करून देणं

आता मुख्य कामाकडे येऊ. थांबणाऱ्या बहुतेक बिया उगवत नाहीत याचं कारण अगदी साधं आहे: पाणी आत जात नाही. सोयाबीनचं साल इतकं नाजूक की पोतं जोरात आपटलं तरी उगवण कमी होते. बहाव्याचं बी रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बहुतेक बिया जशाच्या तशा कोरड्या कडक. त्या बिया नुसत्या भिजवून मातीत घातल्या तर त्या तिथे वर्षभर तशाच बसू शकतात.

रानात हे कवच ऊन, पाऊस, वणवा आणि जनावरांची पोटं मिळून झिजवतात. शेळ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात आणि रवंथ करताना कडक बिया बाहेर टाकतात. शेळ्यांच्या वाड्यातल्या या बिया झाडाखालच्या बियांपेक्षा चांगल्या उगवतात, म्हणून जुने लोक वाडा झाडून बाभळीचं बी गोळा करायचे. शेळी नसेल तर ते काम आपल्याला करायचं आहे.

थोड्या बिया असतील तर एकेक बी घासावं. हार्डवेअरच्या दुकानातला काचपेपर घ्या किंवा नखं कापायचं नेलकटर. बियाला एक बारीक खूण असते, जिथून ते शेंगेला चिकटलेलं होतं. तो त्याचा डोळा. कोंब त्याच्या जवळून निघतो, म्हणून डोळ्याच्या विरुद्ध बाजूला घासायचं. आतला फिका रंग नुसता दिसू लागला की थांबायचं. मगजापर्यंत पोचलं तर बी भिजवताना कुजतं. घासलेल्या बिया साध्या पाण्यात रात्रभर ठेवाव्यात. सकाळी त्या फुगून दुपटीएवढ्या दिसल्या की काम झालं. बहाव्याचं असं फुगलेलं बी आणि न फुगलेलं बी शेजारी ठेवून एकदा बघा. पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

बिया शेकड्याने असतील तर गरम पाणी. बियांच्या चार-पाच पट पाणी उकळायचं, भांडं चुलीवरून खाली उतरवायचं आणि मग त्यात बिया टाकायच्या. पाणी आपोआप निवू द्यायचं आणि दिवसभर बिया त्यातच ठेवायच्या. हमखास चूक इथे होते: बिया पाण्यात टाकून भांडं चुलीवर ठेवलं जातं. त्याने कवच मऊ होतंच, आतला कोंबही शिजतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्याच बियांना गरम पाणी देणं. मोह, कडुनिंब, पळस, अंजन यांना याची गरज नाही, उलट ती मरतील.

भिजवलेल्यांतली जी फुगतील ती लावा. जी फुगली नाहीत त्यांना पुन्हा एकदा तेच पाणी दाखवा किंवा काचपेपरवर घासा. प्रयोगशाळेत हेच काम तीव्र गंधकाम्लाने करतात, आणि इंटरनेटवर त्याचे व्हिडिओही दिसतात. घरी त्या वाटेला जाऊ नये. अ‍ॅसिडने डोळा गेला तर बहावा बघणार कशाने?

चारोळीचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे कवच म्हणजे खरी कठीण आठळी. ती दोन शिंपल्यांसारखी जोडलेली असते. जोडावर हलका हातोडा मारून नुसती चीर पाडायची, आतली चारोळी फुटू द्यायची नाही. चारोळी घाईचीही आहे आणि कडकही, त्यामुळे मे महिन्यात आणून ते काम त्याच पंधरवड्यात उरकावं.

माती आणि पिशवी

आपली काळी भारी जमीन कापसा-हळदीला सोनं, पण पिशवीत ती शत्रू. ओली झाली की चिकट गोळा होऊन मुळांना हवा मिळत नाही, वाळली की आक्रसून पिशवीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून पिशवी ओली दिसते, आत गड्डा कोरडा.

म्हणून एक भाग गाळाची पोयटा माती, एक भाग कयाधूसारख्या नदीची जाडसर वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण करावं. पोयटा नसेल तर चाळलेला मुरूम चालतो. अडेनियम, गोरखचिंच, सोनसावर यांना वाळू आणखी वाढवून निम्म्यावर न्यावी, यांची मुळं कंदासारखी फुगतात आणि ओलीत कुजतात. शेणखत ताजं घालू नये. ते तापतं, आणि त्यातून हुमणीच्या अळ्या पिशवीत येतात. रोप वरून ठणठणीत असताना एका सकाळी मान टाकतं, उपटलं तर खाली मुळंच नसतात. ती हुमणी.

पिशवी घेताना रुंदीपेक्षा उंची बघा. कोरड्या प्रदेशातलं झाड आधी मूळ खाली सोडतं, मग वर बघतं. मोहाचं रोप वर वीतभर दिसतं तेव्हा खाली मूळ पिशवीच्या तळाला टेकलेलं असतं. छोटी पाच बाय सातची पिशवी यांना पुरत नाही, किमान दहा इंच खोली हवी. तळाला आणि खालच्या बाजूंना भोकं असल्याची खात्री करावी. नसतील तर तापल्या खिळ्याने पाडावीत.

लावणं

थांबणाऱ्या बियांसाठी सगळ्यात सोयीचा काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. थंडी गेलेली असते, आणि जुलैपर्यंत रोपाला चार महिने मिळतात. डिसेंबरात लावलेलं बी रात्रीच्या गारठ्यात नुसतं ओलं पडून राहतं आणि बुरशीला बळी पडतं. घाईचं बी अर्थातच मिळेल तेव्हा लावायचं, तिथे पंचांग बघायचं नाही.

खोली किती? बियाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट. मोहाचं बी बोटाच्या दीड पेराएवढं खाली जातं. मेडशिंगीचं बी मातीवर आडवं ठेवून वर बारीक वाळूचा पातळ थर पुरे. अडेनियमचंही तसंच, आणि ते काही महिन्यांतच जुनं होतं, म्हणून विकतचं पाकीट घेताना तारीख विचारावी. कोणतं टोक वर, कोणतं खाली हे कळत नसेल तर बी आडवं ठेवा. मूळ आपली दिशा शोधतं.

पाणी झारीने, सकाळी. वरची माती बोटाने चाचपा. पहिलं पेर कोरडं लागलं तरच द्या. उगवण्याआधी माती पूर्ण वाळू देऊ नये, कारण एकदा फुगलेलं बी परत वाळलं की ते मरतं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर पिशवीवर पांढरा थर जमतो आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. माती-पाणी तपासून घ्यायचं असेल तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

मार्च-एप्रिलमध्ये वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लागते. त्याखाली कोंबडीच्या खुराड्याची बारीक लोखंडी जाळीही घाला. गोरखचिंच, मोह, चारोळी यांचा वास उंदीर-खारींना रात्रीत लागतो, आणि सकाळी प्रत्येक पिशवीत नीटस खड्डा दिसतो.

दोन-चार पानांवर आलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती मर. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट सावली एकत्र आली की ही बुरशी येते. आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत. ती काढून टाका, पाणी कमी करा, वारा खेळू द्या. मिश्रण भरतानाच कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर शेणखतात मिसळली असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आहे. ती रोगाच्या बुरशीला जागा मिळू देत नाही.

किती दिवस वाट पाहायची? फुगवून लावलेला बहावा पंधरवड्याच्या आत दिसतो. गोरखचिंच दोन-चार आठवडे घेते, कधी काही बिया महिन्यांनी उगवतात. पिशवी ओतून बघायचा मोह आवरावा.

चंदन आणि तूर

चंदनाचं बी उगवून रोप सहा महिन्यांत पिवळं पडून मेलं, ही तक्रार आपल्या भागात नेहमीची. खत कमी पडलं असेल म्हणून खत घालतात, मग आणखी लवकर मरतं. चंदन अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे पानांत अन्न स्वतः तयार करतं, पण पाणी आणि खनिजं बरीचशी शेजारच्या झाडाच्या मुळांतून घेतं. त्याच्या मुळांवर बारीक शोषक गाठी येतात, त्या दुसऱ्याच्या मुळाला जाऊन चिकटतात. शेजारी नसेल तर रोप बियातली शिदोरी संपेपर्यंत तग धरतं, पुढे उपाशी.

शेजारी म्हणून रोपवाटिकेत सगळ्यात चालणारं झाड म्हणजे आपली तूर. चंदनाचं रोप चार-सहा पानांवर आलं की ते पिशवीत लावताना बाजूला तुरीचे एक-दोन दाणे टोचायचे. तूर जोमाने वाढते आणि चंदनावर सावली धरते, म्हणून तिचे शेंडे खुडत राहायचे. उपटायची मात्र नाही. शेतात लावतानाही पहिली काही वर्षं तूर, आणि दीर्घ मुदतीसाठी करंज, सुरू किंवा बाभूळ जवळ हवी.

बियाची तयारीही वेगळी. चंदनाचं जांभळट काळं फळ धुऊन सावलीत सुकवलं की बी साधारण दोन महिने झोपेत असतं. त्याआधी लावण्यात अर्थ नाही. रोपवाटिकावाले जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, बी रात्रभर भिजवतात. हे द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं संजीवक, ‘जीए’ म्हणून दुकानात मिळतं. तरी उगवण एकदम होत नाही, महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत तुरळक चालू राहते. पुढे झाड मोठं झालं की तोडायला आणि विकायला परवानगी लागते, म्हणून लागवडीची नोंद सातबारावर वेळेत करून घ्यावी.

गोरखचिंचेचा हिवाळा

गोरखचिंच हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात आहे, मुंबईच्या राणीच्या बागेत आहे, वसईत आहे. आफ्रिकेशी समुद्रावरून चालणाऱ्या जुन्या व्यापारासोबत ती इकडे आली असं मानतात. मराठवाड्याचं ऊन तिला सोसतं. रोप पहिल्या पावसाळ्यात भराभर वाढतं. सुरुवातीची पानं साधी, अखंड असतात, पंजासारखी पाच पाकळ्यांची पानं नंतर येतात. पान वेगळं दिसलं म्हणून कुणी फसवलं असं समजू नये.

घोळ थंडीत होतो. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळतात, नुसती गाजरासारखी फुगीर काडी उरते. घरातलं माणूस हळहळून तिला रोज तांब्याभर पाणी घालतं आणि फेब्रुवारीपर्यंत ती दाबली की मऊ लागते. पाण्यानेच मेली. पानं गळली की पाणी बंद. महिन्यातून एकदा चूळभर पुरे. पिशवी अवकाळी पावसातून सरकवून छपराखाली ठेवावी. मे महिन्यात डोळे फुटू लागले की पुन्हा पाणी. बियापासून वाढवलेल्या झाडाला फूल यायला पंधरा-वीस वर्षंही लागू शकतात, हे लावतानाच घरात सांगून ठेवलेलं बरं.

मुळांवर नजर

पिशव्या महिनोन् महिने एकाच जागी राहिल्या की मूळ भोकातून खाली जमिनीत उतरतं. रोप एकदम तेजीत येतं आणि आपण खूश होतो. जुलैत पिशवी उचलली की तेच मूळ तुटतं आणि रोप आठवड्यात सुकतं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदलाव्यात, किंवा विटांवर ठेवाव्यात. लावताना तळाशी मुळाचा भोवरा झालेला दिसला तर तळाची अर्धा इंच माती मुळासकट धारदार पात्याने कापून टाका. त्याने रोपाचा जीव जात नाही, पण तो भोवरा तसाच गेला तर झाड पाच-सात वर्षांनी वादळात मुळातून उपटून पडू शकतं.

पळस आणि अंजन यांच्या बाबतीत मी पिशवीचा खटाटोपच करू नये म्हणेन. त्यांचं मूळ पिशवीत मावत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की धुऱ्यावर जागेवरच तीन-तीन बिया टोचाव्यात, अंजनाची चपटी शेंग तशीच लावावी आणि पुढे त्यांतलं सशक्त रोप ठेवावं.

जागेवर लावल्यानंतर

खड्डे मे महिन्यातच, दीड-दोन फूट खोल काढून तापू द्यावेत. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर रोप थोडं उंचवट्यावर लावावं. जून संपता संपता किंवा जुलैमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी, म्हणजे थंडीआधी मूळ बसतं. आळ्यात सोयाबीनचं भुसकट पसरलं की ओल टिकते आणि उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा कमी होतात. त्या भेगाच कोवळी मुळं तोडतात. भुसकट खोडाला टेकवू मात्र नका, वाळवी चढते.

यानंतर रोपं मरतात ती बहुतेक माणसाच्या हाताने. सोयाबीनवर मारलेलं तणनाशक वाऱ्याने धुऱ्यावर येतं आणि रोपाची पानं आखडतात. फवारणीच्या दिवशी रोपावर जुनी बादली पालथी घालावी. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आणि मार्च-एप्रिलमध्ये धुरे पेटवतात, तेव्हा रोपाभोवती दोन हात जागा आधीच खरवडून मोकळी करावी. शेजारच्या शेतकऱ्यालाही रोप कुठे आहे ते बांधावर नेऊन दाखवावं.

एक गोष्ट मात्र जरूर ध्यानात ठेवा. पळस, मोह, टेंभुर्णी यांची रोपं पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत जमिनीपर्यंत वाळून जातात. नुसती तपकिरी काडी उरते, ती मोडली तर कोरडी कटकन तुटते. बघणारा म्हणतो गेलं, आणि उपटून टाकतो. त्या वेळी खाली मूळ जाड होत असतं. पावसाळ्यात त्याच जागी जमिनीतून नवा फुटवा येतो, मागच्यापेक्षा जाड. असं एक-दोनदा झाल्यावर वरचा शेंडा टिकतो. म्हणून वाळलेली काडी जुलै संपेपर्यंत हलवायची नाही, शेजारी खुणेचा दगड ठेवायचा आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा घडाभर पाणी घालत राहायचं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेंडा टिकला की तेही पाणी थांबवता येतं.